हाड जुळेपर्यंत कायदा थांबत नाही

माझ्या दवाखान्यात टेबलाच्या उजव्या बाजूला एक जाड नोंदवही असते. सकाळी आल्यावर तिच्या नव्या पानावर तारीख घालणे हे माझे पहिले काम. १९९७ साली बिडकीनला दवाखाना सुरू केला, तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. इतकी वर्षे त्या तारखेकडे मी केवळ वैद्याच्या नजरेने पाहत आलो. टाके कोणत्या दिवशी काढायचे, प्लास्टर किती आठवडे ठेवायचे, रक्तदाब पुन्हा केव्हा तपासायचा, एवढाच तिचा उपयोग. त्याच तारखेपासून न्यायालयही दिवस मोजू लागते, हे एका रुग्णामुळे मला कळले, आणि तेही उशिरा. त्या उशिराचा काही भाग माझ्या पदरी आहे. म्हणून आज औषधपाण्याऐवजी त्याविषयी लिहितो आहे.

आमचे बिडकीन पैठण तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर ते पैठण या रस्त्यावर वसलेले. नव्या औद्योगिक क्षेत्राच्या कामांमुळे या भागात मालाचे ट्रक आणि पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या मोटारसायकली वाढल्या आहेत. त्याच रस्त्याच्या कडेने बाजाराला आलेली म्हातारी माणसे चालतात, शेळ्या जातात, आणि फाल्गुनात नाथषष्ठीसाठी पैठणकडे निघालेल्या दिंड्याही जातात. वेगाने जाणारे आणि सावकाश चालणारे यांना रस्ता एकच. अशा ठिकाणी काय घडते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

२०२४ सालची होळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. त्या गृहस्थांचे नाव देत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. वय अडुसष्ट, अंगाने काटक. शेतातली कामे अजून स्वतः पाहत. त्या संध्याकाळी ते रस्त्याच्या कडेला उभे राहून दिंडीतल्या माणसांना पाणी देत होते. ट्रकला मागे टाकून पुढे जाऊ पाहणाऱ्या एका मोटारसायकलीचा त्यांना धक्का बसला. त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा कपाळ फुटले होते, उजवा पाय आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलले होते. खुब्याचे हाड मोडल्याची ती खूण कोणत्याही डॉक्टरला दुरून ओळखू येते. कपाळाला चार टाके घातले, पाय फळीला बांधला, चिठ्ठी लिहिली आणि त्यांना शहरात पाठवले. तिथे शस्त्रक्रिया झाली. खर्च सव्वादोन लाखांच्या घरात गेला. त्यासाठी घरच्यांनी एक एकर जमीन गहाण ठेवली.

दहा-बारा दिवसांनी मी त्यांना पाहायला घरी गेलो. निघताना थोरल्या मुलाने विचारले, "डॉक्टर, भरपाईची केस करावी का? गाडीवाला सोयरीकीतला आहे, म्हणून तिथं तक्रार नाही असंच सांगितलंय."

मी काय उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते. आधी माणूस पायावर उभा राहू द्या, कागदाचं नंतर बघू."

मी हे पूर्ण विश्वासाने सांगितले. आणि ते चूक होते.

दिवाळी झाल्यावर ते सगळे पुन्हा आले. तात्या वॉकर धरून दोन पायऱ्या चढले, त्याचे मला समाधान वाटले. मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, तीत बिले, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. शहरात एका वकिलांना भेटून ते आले होते. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायला हवा होता, असे त्यांनी सांगितले होते. फाल्गुनातल्या अपघाताचे सहा महिने पितृपक्षातच भरले होते.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, पहिली चिठ्ठी तुमची आहे. तारीख तेवढी दोन महिने पुढची घाला. तुम्हाला कोण विचारणार?"

मी नकार दिला. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे खोटा दाखला देणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो, हे कारण तर होतेच. पण त्यांच्याच हिताचे दुसरे कारण मी त्यांना समजावून सांगितले. शहरातल्या रुग्णालयाच्या नोंदीत अपघाताची खरी तारीख होती. माझा एक कागद खोटा ठरला असता, तर त्यांच्या पिशवीतले सगळे खरे कागद संशयात सापडले असते. एवढे बोलून झाल्यावर जे सांगणे जड जात होते तेही सांगितले. म्हणालो, "मुदत नसते असं तुम्हाला मीच सांगितलं होतं. ती चूक माझी."

तात्यांच्या पत्नी, माई, आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून तर थांबलो, डॉक्टर." त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला ते सोपे गेले असते.

आता मी चुकलो कसा, ते सांगतो. कारण हीच चूक आज तुमच्या घरातही वावरत असेल. रस्त्यावरील अपघाताच्या भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १६६व्या कलमाखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करतात. मूळ कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. सबळ कारण दाखवले तर बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येई, त्यापुढे नाही. गरीब, जखमी, अडाणी माणसांचे खरे दावे यामुळे बुडतात हे ध्यानात येऊन १९९४च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. १४ नोव्हेंबर १९९४पासून अशा अर्जाला मुदत उरली नाही. ही दुरुस्ती होण्यापूर्वीच्या अपघातांनाही तिचा लाभ मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले.

म्हणजे मी व्यवसायात पडलो तेव्हापासून "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते" हे वाक्य खरेच होते. गावातल्या जाणत्यांच्या तोंडी ते बसले, माझ्याही बसले. पुढे २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १६६व्या कलमात सहा महिन्यांची अट परत आली. १ एप्रिल २०२२पासून ती लागू झाली. सुमारे सत्तावीस वर्षे खरे असलेले वाक्य त्या दिवशी खोटे झाले. मला त्याची वार्ता नव्हती. जुन्या पुस्तकातली औषधाची मात्रा देणाऱ्या डॉक्टरला आपण क्षमा करत नाही. मग जुन्या कायद्यावरचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरला तरी का करावी?

वयस्क माणसांच्या बाबतीत ही अट अधिक बोचते, कारण त्यांचे शरीर सहा महिन्यांच्या हिशेबाने चालत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाड जुळायला तीन-चार महिने सहज लागतात. स्नायूंत बळ येणे, तोल सावरणे, वॉकर सोडून काठीवर येणे, यात आणखी काही महिने जातात. कायमचे व्यंग किती राहिले, हे उपचार पूर्ण झाल्यावरच नीट सांगता येते. मग घरचे म्हणतात, आधी अपंगत्वाचा दाखला मिळू दे, मग अर्ज करू. वाचकहो, इथेच घात होतो. अर्ज करण्यासाठी बरे होण्याची वाट पाहावी लागत नाही. अर्ज आधी दाखल करता येतो, आणि दाखला, उरलेली बिले, पुढच्या शस्त्रक्रियेचे कागद नंतर जोडता येतात. डॉक्टर बरे होण्याच्या दिवसाकडे पाहून मोजतो, तर कायदा अपघाताच्या दिवसापासून मोजतो.

उशिराची आणखी तीन कारणे मला दवाखान्यात नेहमी ऐकू येतात.

पहिले कारण वयाचे. "आता या वयात कसली भरपाई? कमावता माणूस थोडाच आहे मी!" असे वडीलधारी माणसेच म्हणतात. भरपाईचा हिशेब केवळ पगारावर होत नाही. झालेला औषधोपचार, पुढे लागणारा उपचार, सेवेला ठेवलेल्या माणसाचा खर्च, सोसलेल्या वेदना, या सगळ्यांचा त्यात विचार होतो. बुडालेल्या कमाईचा हिशेब करताना वयाप्रमाणे जो गुणक लावतात, तो सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवून दिला. पंचविशीपर्यंतच्या माणसाला १८, तर ६६ ते ७० वयाच्या माणसाला ५. आकडा लहान आहे, पण तो शून्य नाही. ज्या आजोबांमुळे शेतावरचा एक गडी वाचत होता, ज्या आजींच्या जिवावर सून कामाला जात होती, त्यांच्या श्रमालाही मोल असते.

दुसरे कारण भिडेचे. "गाडीवाला आपल्यातलाच आहे, त्याचं घर कशाला बुडवायचं?" ही भावना मला समजते, तिचा आदरही वाटतो. पण प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो विमा चालू असेल, तर भरपाईचा भार सामान्यतः विमा कंपनीवर पडतो. ज्या मुलाने धक्का दिला त्याच्या खिशातून ती रक्कम जाईलच असे नाही. उलट आपण गप्प राहिलो, तर ज्या हप्त्यासाठी त्याने पैसे भरले तो हप्ताच व्यर्थ जातो. या एका गोष्टीचा खुलासा वेळीच झाला असता, तर तात्यांच्या घरी पहिल्याच आठवड्यात तक्रार झाली असती, असे मला वाटते.

तिसरे कारण न्यायालयाच्या पायरीचे. शहाण्याने ती चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती म्हण भांडखोरांसाठी आहे. जखमी माणसाचा हक्क मागणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

आतापर्यंत मी दिसणाऱ्या इजेविषयी बोललो. काही इजा पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला किरकोळ मार लागतो, टेंगूळ दोन दिवसांत उतरते आणि सगळे विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, आजोबा विसरू लागतात, चालताना एका बाजूला झुकतात, दिवसा झोपून राहतात. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साठलेले असू शकते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका जास्त. वेळेवर तपासणी झाली तर यावर चांगला उपचार आहे. म्हणून डोक्याला मार लागलेल्या वृद्धाची, तो कितीही साधा वाटला तरी, पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नोंद करा. ती नोंद उपचाराला उपयोगी पडते आणि पुढे पुराव्यालाही.

छुप्या इजेबाबत कायदा काय म्हणतो, हे सांगणारा एक निकाल आपल्याच भागातला आहे. गोव्यातील सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेवर १९९३च्या नोव्हेंबरात मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचे पोट दुखतच राहिले. वेदनाशामक गोळ्या घेत त्यांनी नऊ वर्षे काढली. २००२ साली तपासणीत पोटात राहून गेलेल्या गॉजचा गोळा सापडला आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. २००४ साली त्यांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे भरपाई मागितली. ग्राहक कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ती कोणत्या दिवसापासून मोजायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऑक्टोबर २०१०मध्ये न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा: इजा लगेच कळण्यासारखी असेल, तर मुदत त्या दिवसापासून सुरू होते. इजा छुपी असेल, तर रुग्णाला ती कळते, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळली असती, त्या दिवसापासून. या बाईंना शस्त्रक्रियेनंतर लगेचच वेदना सुरू झाल्या होत्या. त्या स्वतः परिचारिका होत्या. तरीही इतकी वर्षे त्यांनी त्या शल्यचिकित्सकांना विचारले नाही. म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली.

हा निकाल मी डॉक्टर म्हणून वाचला आणि रुग्णाच्या जागी बसूनही वाचला. डॉक्टर म्हणून वाटले, नऊ वर्षांनी जुनी कागदपत्रे कुठून आणायची? आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी, एवढीच अपेक्षा वैद्यकीय आचारसंहिता करते. रुग्णाच्या जागी बसलो, तेव्हा वाटले, घरातले आणि कामावरचे सगळे आवरता आवरता स्वतःचे दुखणे गोळीवर ढकलणाऱ्या किती बायका मी रोज पाहतो! त्यांच्या सोसण्याला आपण सहनशीलता म्हणून गौरवतो. कायद्याच्या लेखी मात्र ते गप्प राहणे ठरले. म्हणून माझे एवढेच सांगणे: शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेपेक्षा जास्त दिवस दुखत असेल, तर त्या डॉक्टरांकडे परत जा, विचारा आणि त्या भेटीचा कागद ठेवा.

मी वकील नाही; तुमच्या दाव्याचा सल्ला वकिलांकडूनच घ्या. पण कागद जमवायची सुरुवात दवाखान्यातच होते, तेवढ्यापुरते माझ्या अनुभवातले सांगतो. अपघातानंतर आधी उपचार. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. रुग्णालयात नेल्यावर अपघात कसा, कुठे, किती वाजता झाला ते खरे सांगा आणि एमएलसी नोंद झाली का ते विचारा. "जिन्यावरून पडले" असे भिडेपोटी सांगू नका; तो एक शब्द पुढे फार महाग पडतो. वाहनाचा क्रमांक कुणीतरी टिपून घ्या. पोलिसांत खबर द्या. २०२२च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. असा अहवाल गेला, तर त्यालाच भरपाईचा अर्ज मानण्याची तरतूद १६६व्या कलमात आहे. खबर द्यायला उशीर झाला असेल तरी खचू नका. केवळ तेवढ्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे.

घरी आल्यावर एक फाईल करा. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, रिक्षा-रुग्णवाहिकेचे पैसे, सेवेला ठेवलेल्या बाईंचा पगार, सगळे तारीखवार लावा. रुग्णालयाकडे नोंदी मागितल्या, तर ७२ तासांच्या आत त्या द्याव्यात असा नियम आहे. मागणी लेखी करा. सेवा करणाऱ्या सुनेने किंवा मुलाने एका वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: आज किती पावले चालले, रात्री किती वेळा उठवावे लागले. पहिला महिना संपायच्या आत एकदा वकिलांना भेटून या. अर्ज अपघात झाला त्या भागात करता येतो, तसा आपण राहतो त्या भागातही करता येतो, त्यामुळे जखमी माणसाला लांब फरफटत न्यावे लागत नाही. धक्का देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज असतो. त्यात गंभीर इजेसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात.

आणि प्रत्येक इजेची मुदत वेगळी असते, हे विसरू नका. रेल्वे अपघाताचा दावा वर्षाच्या आत करायचा. कारखान्यात किंवा कामावर झालेल्या इजेसाठी दोन वर्षे. रुग्णालयातील निष्काळजीपणाची तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायची तर दोन वर्षे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपली मुदत ठरवू नका. तसेच "डॉक्टर म्हणाले" म्हणूनही ठरवू नका.

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. खोटी तारीख मी दिली नाही. माझ्या वहीतील त्या संध्याकाळच्या नोंदीची खरी प्रत दिली. त्यासोबत ते किती आठवडे अंथरुणावर होते आणि कोणाच्या मदतीवाचून उठू शकत नव्हते, याचे वैद्यकीय पत्र दिले. मुदत नसल्याचा सल्ला मीच दिला होता, हेही वकिलांना लिहून दिले. अर्ज दाखल झाला. तो मुदतबाह्य असल्याचा आक्षेप विमा कंपनीने घेतला. नव्या कलमात उशीर माफ करण्याविषयी स्पष्ट शब्द नाहीत, आणि असे अर्ज घ्यावेत की नाही यावर न्यायालयांत एकमत राहिले नव्हते. तात्यांच्या खुब्याविषयी कुणी बोलतच नव्हते. वर्षभर चर्चा चालली ती त्या उलटून गेलेल्या आठवड्यांची.

या सहा महिन्यांच्या अटीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. ती प्रकरणे प्रलंबित असेतोवर, केवळ मुदत उलटली म्हणून असे अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला. ज्यांची मुदत गेली आहे त्यांनी म्हणून आशा सोडू नये, वकिलांना लगेच भेटावे. पण ज्यांची मुदत अजून बाकी आहे त्यांनी या आदेशाच्या भरवशावर बसू नये. अंतरिम म्हणजे अंतिम नव्हे.

तात्या तो आदेश ऐकायला होते. मुलाने वाचून दाखवला तेव्हा नुसते हसले. डिसेंबरात हृदयविकाराने ते गेले. अपघाताशी त्याचा संबंध नव्हता, आणि घरच्यांना वाटले की आता दावाही संपला. तसे नाही. जखमी व्यक्ती पुढे कोणत्याही कारणाने मरण पावली, तरी इजेच्या भरपाईचा तिचा हक्क वारसांकडे राहतो. २०१९च्या ज्या दुरुस्तीने मुदत परत आणली, तिनेच ही तरतूदही दिली. आता अर्जावर माईंचे नाव आहे. मागच्या तारखेला त्या एकट्या बसने शहरात गेल्या आणि येताना गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात थांबल्या. तात्यांची ती प्लास्टिकची पिशवी आता त्यांच्या हातात होती.

त्या दिवाळीपासून मी एक नवा नेम पाळतो आहे. अपघाताचा रुग्ण आला की, त्याच्या चिठ्ठीवर वर आजची तारीख लिहितो, आणि खाली, औषधांच्या नावांनंतर, बरोबर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून तिच्याखाली रेघ मारतो. रुग्ण विचारतो, "ही कसली गोळी, डॉक्टर?" मग मी त्याला खाली बसवतो आणि जे तात्यांच्या मुलाला त्या दिवशी सांगायला हवे होते, ते सांगतो.